पावसाळ्याआधी छोट्या गाडीची तयारी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

वळवाचे दोन पाऊस पडून गेले की कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. जो तो किल्ली हातात देतो आणि म्हणतो, "मेस्त्री, पावसाळा आलाय, जरा सगळं बघा की." मेस्त्री बघतात. ऑइल बदलतं, गाडी धुतली जाते, वायपर बसतात, बिल होतं. जुलैत गगनबावड्याच्या वळणावर गाडी घसरते, किंवा व्हीनस कॉर्नरच्या पाण्यात बंद पडते, आणि विमा कंपनी इंजिनाचे पैसे द्यायला नकार देते.

अशा बहुतेक प्रकरणांत कामं झालेली असतात, पण चुकीच्या क्रमानं झालेली असतात. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं) ढिले असताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांची जुळवणी, केली तर ती टिकत नाही. चिखलावर अंडरबॉडी कोटिंग मारलं तर आतून गंज धरतो. गळती न शोधता एसीचा गॅस भरला तर महिन्याभरात तो पुन्हा उडतो. आणि पाणी दारात आल्यावर विम्याचा कागद उघडून उपयोग नसतो.

हा क्रम गेल्या सात-आठ वर्षांतल्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: हॅचबॅक, छोटी सेडान, छोटी एसयूव्ही. यातल्या बहुतेक गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रम ब्रेक असतात. कागदपत्रांचं काम एप्रिलमध्येच करा. बाकीची सुरुवात मेच्या पहिल्या आठवड्यात करा आणि मिरगाच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, सगळं संपवा. जूनमध्ये गॅरेजला गर्दी असते आणि गाडी नीट वाळतही नाही.

## हाताशी काय हवं

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक, मागच्या दोन सर्व्हिसिंगची बिलं, टायरची हवा मोजायचा गेज, टायरच्या खाचांची खोली मोजायचा गेज, टॉर्च, साधा मल्टीमीटर आणि एक वही. दोन्ही गेज फार महाग नसतात आणि कितीतरी वर्षं टिकतात.

वहीत आधी आजचं किलोमीटर रीडिंग लिहा. मग जुन्या बिलांवरून या पाच गोष्टी शेवटच्या कधी बदलल्या ते उतरवा: ब्रेक ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, बॅटरी. ज्यापुढं काही लिहिता येत नाही, ती गोष्ट आधी तपासायची. गॅरेजला जाताना "सगळं बघा" म्हणू नका, ही यादी द्या. यादी दिली की मेस्त्रीलाही नेमकं काम करता येतं आणि बिलातली प्रत्येक ओळ तुम्हाला ताडून पाहता येते.

## १. विमा: गाडीला हात लावायच्या आधी

पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांची इथं सर्रास फसगत होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा, सक्तीचा आहे. पण त्याच्यासोबत मिळणारा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे 'ओन डॅमेज', बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांपुढची तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी पूर आला तर हातात फक्त थर्ड पार्टी उरलेला असतो, आणि त्यातून पुराच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात. दोन्ही वाचा.

ओन डॅमेज चालू असला तरी दुसरी अडचण आहे. पुरात भिजलेलं सीट, वायरिंग, गालिचा यांचा खर्च त्यात येतो. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला गेल्यामुळं इंजिन मोडलं, तर कंपनी ते 'परिणामी नुकसान' धरते आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची जोड (ॲड-ऑन) घ्यावी लागते. ती सहसा पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच मिळते, म्हणून हे काम एप्रिलात. नदीकाठच्या पेठांत, शाहूपुरीत किंवा तळघरात गाडी लावणाऱ्यांनी इतर जोड नाही घेतली तरी चालेल, ही मात्र घ्यावीच असं माझं ठाम मत आहे.

तपासा: ओन डॅमेजची मुदत सप्टेंबरच्या पुढं आहे ना? मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. पीयूसीची तारीखही याच बैठकीत बघून घ्या.

## २. धुणं, आणि पाणी जायच्या वाटा

नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती रस्त्यावर आणतात. ती चाकांच्या कमानीत, मडफ्लॅपच्या मागं आणि दरवाज्यांच्या खालच्या पट्टीत घट्ट बसते. आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून धुवा. धुतल्याशिवाय तपासणी करायची नाही, कारण चिखलाखाली सांध्यावरचा फाटलेला रबरी बूट (आवरण) किंवा ओघळलेलं ऑइल दिसत नाही.

धुताना पाणी बाहेर जायच्या तीन वाटा मोकळ्या करा.

बॉनेट उघडल्यावर काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, जाळीचा पन्हळ असतो. तिथं वाळलेली पानं आणि पाचटाचे तुकडे साठतात. ही वाट तुंबली की पाणी ब्लोअरमधून आत येतं आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला होतो. पुष्कळ लोक त्यासाठी दरवाज्याचं रबर बदलून घेतात आणि पाणी येतच राहतं. कचरा हातानं काढा, मग तांब्याभर पाणी ओता. दोन्ही बाजूंनी ते चाकामागून खाली पडलं पाहिजे.

प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात, ती प्लॅस्टिकच्या काडीनं साफ करा. तार वापरू नका, रंग खरवडतो. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर ही छिद्रं बंद आहेत. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या नळ्याही तशाच थोडं पाणी ओतून पाहा.

सावध: इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कनेक्टर जागोजागी आहेत. ओलसर कापडानं पुसलेलं पुरे. शेताजवळ राहणाऱ्यांनी बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघाव्यात.

बॉनेट उघडंच आहे तर एक गोष्ट शोधून ठेवा. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारी नळी पुढं कुठं उघडते? बऱ्याच छोट्या गाड्यांत तिचं तोंड ग्रिलच्या मागं, हेडलाइटच्या आसपास असतं. इंजिन श्वास घेतं ते तिथून. त्या तोंडाची जमिनीपासूनची उंची वहीत लिहा. पुढं पुराच्या टप्प्यात हाच आकडा लागेल.

## ३. सस्पेन्शन: टायरच्या आधी

लोक थेट टायरच्या दुकानात जातात. आधी खालचं बघा.

गाडी रॅम्पवर असताना लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्टेअरिंगचे टाय रॉड आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट हलवून-तपासून घ्या. बूट फाटलेला असेल तर आता थोडक्यात काम होतं. पावसाळाभर त्यात पाणी आणि माती गेली की आख्खा जॉइंट बदलावा लागतो. शॉकअपवरून तेल ओघळलं असेल तर ते संपत आलेत असं समजा.

टायरही इथं साक्ष देतात. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा बुश. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं). झिजेचं कारण दुरुस्त न करता नवे टायर घातले तर तेही तसेच झिजतील.

## ४. टायर

कारच्या टायरची खोली १.६ मि.मी. ही किमान मर्यादा आहे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण ही मर्यादा गाठेपर्यंत थांबू नका. खाचांचं काम चाकाखालचं पाणी बाहेर फेकणं आहे, आणि खोली ३ मि.मी.च्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर फरक जाणवू लागतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी साठलेल्या पट्ट्यावरून वेगात गेलात तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी स्टेअरिंगही चालत नाही आणि ब्रेकही. म्हणून मेमध्ये ३ मि.मी. किंवा कमी भरलेला टायर पावसाळ्यात नेऊ नका. खोली आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा.

वय टायरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. शेवटचे चार आकडे '२२२३' असतील तर टायर २०२३ च्या बाविसाव्या आठवड्यातला आहे. नवा टायर घेताना हे आकडे स्वतः वाचा. जुन्या टायरला तडे दिसत असतील तर खाच कितीही खोल असो, तो काढा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागं बसवा. पुढचं चाक गाडी ओढतं म्हणून नवे पुढं, असं आपल्याकडं सांगितलं जातं. ओल्या वळणावर ते धोक्याचं आहे. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, ते लगेच कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. मोठे टायर कंपन्याही हेच सांगतात.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर दिसणारा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही. हवा गार टायरमध्ये मोजायची: सकाळी निघण्यापूर्वी, किंवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. कागलहून पळवत आणलेल्या गाडीची हवा पंपावर मोजली तर ती जास्त दिसते, पंपवाला ती कमी करतो, आणि गार झाल्यावर ती कमीच भरते. पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात उतरणार असाल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा घ्या.

स्टेपनी विसरू नका. नव्या गाड्यांत ती बऱ्याचदा इतर चाकांपेक्षा छोटी असते आणि तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, सहसा ताशी ८० कि.मी. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर दुरुस्तीचा संच असतो. डिकीचा तळ आजच उघडून बघा.

तपासा: टायरवाल्यानं हवेच्या गननं नट आवळले असतील तर घरी आल्यावर गाडीतल्याच पान्ह्यानं प्रत्येक चाकाचा एक नट सैल करून पुन्हा आवळा. नाही निघाला तर परत जा आणि पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्क पान्ह्यानं आवळून घ्या. आंबा घाटात भर पावसात हा नट निघत नाही, तेव्हा मदतीला कुणी नसतं.

## ५. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग

बुश झाले, टायर झाले, हवा बरोबर भरली, मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील तक्ता मागून घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या धुऱ्याला जुळवणीची सोय नसते. मागच्या चाकांचे आकडे फक्त दाखवले जातात. ते फार बाहेर असतील तर कुठं मार लागलाय का ते शोधायचं.

## ६. ब्रेक

चाकं निघालेलीच असतात, त्यामुळं ब्रेक याच फेरीत करून घ्या.

पुढचे पॅड ३ मि.मी.च्या आसपास आले असतील तर बदला. मागचे ड्रम उघडून साफ करून घ्या. पावसाळ्यात चिखल आत जातो आणि उरलेल्या भुकटीचा लगदा होतो. ड्रम साफ झाल्यावर हँडब्रेक किती टिकटिकांवर लागतो ते पुस्तकाशी ताडून जुळवा.

ब्रेक ऑइलबद्दल दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, रंग बघून निर्णय. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. फोंडा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते तापतं, आत बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. रंग स्वच्छ असूनही असं होऊ शकतं. बहुतेक उत्पादक ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. वहीत तारीख नसेल तर बदला. डॉट ३ की डॉट ४ ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

दुसरी चूक, पातळी खाली दिसली की वरून भरणं. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. ती खाली आली म्हणजे पॅड बघायची वेळ झाली. वरून भरलं तर ही खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना जास्तीचं ऑइल सांडून रंग खातं. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

पावसात गाडी तीन-चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. ओलसर ड्रममध्ये ब्रेकचे शू चिकटून बसतात.

एप्रिल २०१९ पासूनच्या सगळ्या नव्या कारना एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं अडकू न देणारी यंत्रणा, आहे. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थडथडतं. घाबरून पाय उचलू नका, दाब तसाच ठेवा आणि स्टेअरिंग हवं तिकडं वळवा.

## ७. काच आणि एसी

नवे वायपर लावायच्या आधी काच धुवा. तिच्यावर डिझेलच्या धुराचा तेलकट थर असतो, आणि त्यावर नवं रबरही रेघा ओढतं. उन्हाळ्यात कडक झालेलं रबर मेअखेर बदला, मागचं वायपरही.

काच आतून धुरकट होते तेव्हा बहुतेक जण हवा आतल्या आत फिरवायचं बटण तसंच चालू ठेवतात. त्यानं श्वासाची वाफ आतच राहते. बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवा, झोत काचेवर वळवा. एसी हवा कोरडी करतो, म्हणून थंडी वाजत असली तरी तो बंद करू नका, तापमान वाढवा. काच बाहेरून धुरकट होत असेल तर ती जास्त गार झालीय. वायपर मारा आणि गारवा कमी करा.

एसी नीट चालत नसेल तर गॅस भरण्याआधी गळती शोधायला सांगा. ही बंद यंत्रणा आहे, तिच्यातला गॅस वापरून संपत नाही. केबिन फिल्टर मात्र बदलाच. मातीनं भरलेला फिल्टर काचेपर्यंत हवा पोचू देत नाही.

## ८. बॅटरी आणि दिवे

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्ट उत्तम, १२.४ चालेल, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा मोजा, आणि तरीही उतरत असेल तर बदला. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना खास प्रकारची बॅटरी लागते. तिथं साधी स्वस्त बॅटरी बसवली तर लवकर मरते.

बाहेरून बसवलेले हॉर्न आणि एलईडी दिवे यांच्या वायरी मूळ वायर सोलून जोडलेल्या असतील तर त्या काढा. पावसात शॉर्ट होतात त्या बहुधा याच जागा.

## ९. अंडरबॉडी कोटिंग: सगळ्यात शेवटी

नव्या गाड्यांना कारखान्यातून थर दिलेला असतो. खालून बघा. जिथं दगडानं थर उडालाय तिथंच काम करायचं. संपूर्ण तळावर मारायचं असेल तर पूर्ण धुऊन, पूर्ण वाळवून, आणि सस्पेन्शनचं काम झाल्यावर. सायलेन्सर, रबरी बुश, ब्रेकचे भाग आणि पाणी जायची छिद्रं झाकून घ्यायला सांगा आणि काम चालू असताना तिथं उभे राहा. दुसऱ्या टप्प्यात मोकळी केलेली छिद्रं इथं पुन्हा बुजतात.

तपासा: सगळं झाल्यावर जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढाला एक फेरी मारा. हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं का? खड्ड्यात ठक आवाज येतो का? तक्रार असेल तर त्याच आठवड्यात गॅरेजला दाखवा.

## १०. घाटात उतरताना

गगनबावडा, आंबा, फोंडा किंवा आंबोली, नियम एकच. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडून उतरलात तर सगळा भार ब्रेकवर येतो.

धुक्यात डिपरवर चाला. अप्पर लावला की प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. दरडीखाली, वळणावर किंवा धबधब्यासमोर गाडी उभी करू नका.

## ११. पुराचं पाणी

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५० फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि तळघरात किंवा गल्लीत राहिलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या.

सखल भागात राहत असाल तर गाडी हलवायचा दिवस ३९ फुटांचा. ४३ ची वाट बघायची नाही, तोवर बाहेर पडायचा रस्ताच पाण्याखाली असू शकतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि पाऊस थांबलेला नसेल, तर त्याआधीही हलवा. राजारामपुरी, सागरमाळ, विद्यापीठाची बाजू अशा उंच भागातल्या पाहुण्यांशी जूनमध्येच बोलून ठेवा.

रस्त्यावर पाणी दिसलं तर:

वाहतं पाणी असेल तर परत फिरा. छोट्या गाडीला वाहून न्यायला फूटभर वाहतं पाणी पुरतं. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ किंवा गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पुढची एसटी गेली म्हणून आपणही जाऊ, हा हिशेब करू नका. एसटीचं वजन आणि उंची वेगळी.

साठलेलं पाणी दरवाज्याच्या खालच्या पट्टीला लागेल असं वाटलं तरी परत फिरा. त्याहून कमी असेल तर एसी बंद करा, पहिल्या गिअरमध्ये, संथ आणि एकसारख्या वेगानं, मध्ये न थांबता बाहेर पडा. समोरून ट्रक येत असेल तर आधी त्याला जाऊ द्या. त्याची लाट बॉनेटवर चढते.

"एक्सिलेटर दाबून ठेवला की पाणी शिरत नाही" हा समज अनेक इंजिनं खाऊन बसलाय. सायलेन्सरमधून पाणी येणं तसं टळतं, पण धोका पुढच्या बाजूला आहे. ज्याची उंची तुम्ही वहीत लिहिली, त्या हवेच्या नळीच्या तोंडातून इंजिन हवेसोबत पाणी ओढतं, आणि वेग वाढवला की ओढ वाढते, पुढची लाटही उंचावते. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बाहेर पडल्यावर कमी वेगात काही वेळ ब्रेक हलका दाबत चाला, म्हणजे पॅड आणि शू वाळतात.

## १२. गाडी पाण्यात बंद पडली किंवा बुडाली तर

पुन्हा स्टार्ट करू नका. एकदासुद्धा नाही. पाणी ओसरल्यावर, चार दिवसांनी, "बघू तरी" म्हणूनही नाही.

१. इग्निशन बंद करा, माणसं बाहेर काढा, पाणी वाढत असेल तर गाडी सोडा.

२. सुरक्षित असेल तेव्हा ढकलून उंचावर न्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलना हात लावू नका, कंपनीच्या माणसांना बोलवा.

३. पाण्याची खूण दिसेल असे आतून-बाहेरून फोटो घ्या: गालिचापर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

४. गाडी सपाट ट्रकवरून न्या. दोर बांधून टोचन करताना गिअरमुळं चाकांबरोबर इंजिन फिरू शकतं. ऑटोमॅटिक असेल तर पुढची चाकं जमिनीला लागता कामा नयेत.

५. गॅरेजमध्ये विम्याचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येऊन जाईपर्यंत काही खोलू देऊ नका. नंतर क्रम असा: इंजिन ऑइलची पट्टी बघणं (दुधाळ असेल तर पाणी गेलंय), एअर फिल्टरचा डबा उघडणं, स्पार्क प्लग काढून इंजिन हातानं फिरवणं, ऑइल आणि फिल्टर बदलणं, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलणं. स्टार्टर सगळ्यात शेवटी.

६. सीट आणि गालिचा बाहेर काढून उन्हात वाळवा. गालिच्याखालचा फोम वरून कोरडा वाटला तरी आतून ओला राहतो. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं नियंत्रण युनिट गिअरजवळ, तळालाच असतं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर गाडी ताब्यात घेऊ नका.

७. दुरुस्तीचा अंदाज पॉलिसीवरच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या, बदललेले जुने भाग दाव्याचा निकाल लागेपर्यंत गॅरेजमध्येच ठेवायला सांगा, आणि दाव्याच्या अंतिम कागदावर सही करण्यापूर्वी इंजिनाचा खर्च कोणत्या ओळीत धरलाय ते बोट ठेवून विचारा.